म्हापशाच्या बाजारातलं पेराद: स्क्वेअरच्या सारणाला कोणतं चालतं?

पेराद म्हणजे पेरूचा गर साखरेत आटवून केलेली गोव्याची वडी, आणि स्क्वेअर म्हणजे खाली खुसखुशीत थर, मध्ये पेराद आणि वर चुरा घालून भाजलेले चौकोनी तुकडे. नुसतं खायला छान लागणारं पेराद ओव्हनमध्ये नीट वागेलच असं नाही. नाताळच्या सुमारास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेरादाच्या वड्या भरपूर दिसतात. त्यातल्या गडद विटकरी आणि घट्ट वड्याच स्क्वेअरसाठी घ्याव्यात. लालभडक वड्यांत बहुधा रंग घातलेला असतो, त्यामुळे पेरूचा गर किती आटवला आहे हे डोळ्यांना कळत नाही. फिकट, बोटाला चिकटणारं पेराद तर सरळ टाळावं. त्यात पाणी राहिलेलं असतं. ते उकळून वरच्या चुऱ्यातून बाहेर येतं आणि खालचा थर ओला करून ठेवतं.

वडी बोटांत दाबली तर खळी पडावी, बोट मात्र कोरडं राहावं. दाताखाली साखर करकरली तर घाबरायचं कारण नाही, वितळवताना ती विरघळते. बियांची कचकच लागली तर वितळलेलं पेराद गाळणीतून घासून काढावं लागतं, आणि तेवढा खटाटोप करायचा तर मग घरीच पेरू शिजवलेले बरे.

घरोघरच्या जुन्या कृतींत माप कपाने असतं आणि कप प्रत्येकाचा वेगळा, म्हणून इथे ग्रॅम. २० सेंमीच्या चौकोनी टिनसाठी २२५ ग्रॅम मैदा, दोन चमचे बारीक रवा, ७५ ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम थंड लोणी आणि एका अंड्याचा बलक. बाजारातलं पिवळं बटर खारट असतं, ते वापरलं तर वेगळं मीठ नको. लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळव्याने नाही. गोव्याच्या दमट हवेत ते भरभर वितळतं, आणि वितळलं की खुसखुशीत थराऐवजी कडक पापडी होते. मिश्रण सैल वाटलं तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं. जादा मैदा घालू नये.

यातला एक तृतीयांश भाग वरच्या चुऱ्यासाठी बाजूला काढून त्यात ४० ग्रॅम भरड काजू मिसळावेत. उरलेलं मिश्रण टिनमध्ये दाबून, काट्याने टोचून १८० अंशांवर १५ मिनिटं भाजावं, कडा सोनेरी होईपर्यंत. ही पायरी गाळली की हमखास बूड कच्चं राहतं. पुष्कळदा दोष पेरादाला दिला जातो, चूक असते इथे.

तोवर ३०० ग्रॅम पेरादाचे तुकडे चार मोठे चमचे पाणी आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून मंद आचेवर वितळवावेत. विकतचं पेराद गोडाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे लिंबू हवंच. शिवाय आंबटपणामुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. पळीवरून जाडसर पडेल इतकंच पातळ करायचं. पसरताना कडेला बोटभर जागा सोडावी, कारण टिनला लागलेलं पेराद करपून टॉफीसारखं टणक होतं. वर चुरा भुरभुरून आणखी २५ मिनिटं. ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) मधला खण, दोन्ही रॉड चालू.

गरम असताना कापलं तर सारण ओघळणारच. निदान तीन तास थांबून, सुरी दरवेळी पुसत कापावं. ५ सेंमीचे १६ तुकडे होतात.

पेरू नसतील त्या दिवसांत मानकुराद आंब्याचं मांगाड, म्हणजे साखरेत आटवलेला आंब्याचा गर, वापरता येतं, पण ते पेरादापेक्षा सैल असतं. त्यात पाणी न घालता आधी दहाएक मिनिटं आटवून घ्यावं. चव सरस, काप मात्र पेरादाइतका रेखीव येत नाही. विकायला किंवा भेट द्यायला पेरादाचेच करावेत. घट्ट झाकणाच्या डब्यात ते चार-पाच दिवस टिकतात. पावसाळ्यात चुरा दुसऱ्याच दिवशी मऊ पडतो, तेव्हा १५० अंशांवर आठ मिनिटं तापवून, पूर्ण गार करून मगच डब्यात भरावेत.