‘लग टाइप’ सांगून गळ्यात मारलेले बटरफ्लाय व्हॉल्व्ह

नागपूर परिसरात कारखान्यासाठी बटरफ्लाय व्हॉल्व्ह (पाइपमधली गोल तबकडी, म्हणजे डिस्क, फिरवून प्रवाह चालू-बंद करणारे) घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. पैसे गेलेच, पण त्याहून मोठा धोका माणसांच्या जिवाला होता.

बुटीबोरीच्या आमच्या युनिटमध्ये कूलिंगच्या पाण्याचे दोन पंप एकाच हेडरला, म्हणजे सामायिक मोठ्या पाइपला, जोडलेले आहेत. एक चालू, एक राखीव. राखीव पंप दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालूच राहिला पाहिजे, कारण मे महिन्यात इथे कूलिंग बंद ठेवणं परवडतच नाही. म्हणून डिस्चार्जला, म्हणजे पाणी पंपाबाहेर पडतं त्या बाजूला, 200 एमएमचे लग टाइप व्हॉल्व्ह मागवले. पीएन16 (16 बार दाबाचा वर्ग), एसजी आयर्न (चिवट ओतीव लोखंड) बॉडी, सीएफ8एम (ओतीव स्टेनलेस स्टील) डिस्क, ईपीडीएम (रबर) सीट, सगळं ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलेलं.

वेफर आणि लग हे याचे दोन प्रकार. वेफर व्हॉल्व्ह दोन फ्लँजच्या (पाइपच्या टोकाच्या भोकं असलेल्या चकत्यांच्या) मध्ये दाबून धरलेला असतो. लांब बोल्ट एका फ्लँजमधून थेट दुसऱ्यापर्यंत जातात. एका बाजूचा फ्लँज काढला की व्हॉल्व्हला कशाचाच आधार उरत नाही. लग टाइपमध्ये बॉडीच्या कानांना आटे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोल्ट वेगवेगळे बसतात. पंप काढला तरी हेडरकडचे बोल्ट व्हॉल्व्हला धरून ठेवतात. वेफर स्वस्त, लग महाग. खेळ तिथेच झाला.

डीलरने दुकानात दाखवलेला नमुना खरा लग टाइप होता. त्यावर भाव ठरला, अॅडव्हान्स दिला. माल आला तेव्हा स्टोअरवाल्याने भोकं मोजली. 200 एमएमला पीएन16 मध्ये 12 लागतात, पीएन10 मध्ये 8. बाराच्या बारा कान होते, रंगही नमुन्यासारखाच निळा. माल आत घेतला गेला.

बसवायच्या दिवशी आमच्या फिटरभाऊंनी एम20 चा बोल्ट कानात घातला आणि तो न फिरवता सरळ पलीकडे निघाला. त्यांनी भोकात बोट फिरवलं. आत गुळगुळीत, जाड रंगाचा थर. “साहेब, याले आटेच नाही ना!” म्हणाले. पुढचा घेतला, तोही तसाच. लगसारखी दिसणारी बॉडी, पण काम वेफरचं. असा व्हॉल्व्ह लग समजून बसवला असता आणि हेडरमध्ये दाब असताना कुणी पंपाकडचे बोल्ट सोडले असते, तर समोर उभ्या माणसाचं काय झालं असतं, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो.

मग बाकीचंही तपासलं. डिस्कला लोहचुंबक लावला तर घट्ट चिकटला. सीएफ8एमच्या ओतकामाला चुंबक थोडाफार ओढला जाऊ शकतो, पण असा नाही. फाइलने कडेला जरा घासलं तर वरचा चकचकीत मुलामा निघाला आणि खाली लोखंड दिसलं. टेस्ट सर्टिफिकेट होतं, पण झेरॉक्स, आणि त्यातला हीट नंबर (धातू ओतलेल्या घाण्याचा क्रमांक) बॉडीवर कुठेच नव्हता.

डीलरला फोन केला तर म्हणे, “कान तर आहेत ना भाऊ, अजून काय पाहिजे?” नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. ग्राहक आयोगाचा (पूर्वीचा ग्राहक मंच) विचार केला, पण व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाची तक्रार तिथे सहसा चालत नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे असं कलम 15 म्हणतं. त्याच आधारावर वकिलाकडून नोटीस पाठवली आहे. अॅडव्हान्स अजून अडकलेलाच आहे.

माल गाडीतून उतरवतानाच प्रत्येक कानात बोल्ट फिरवून बघा. नमुन्यावर सही करून तो स्वतःकडे ठेवा. आणि खरा लग मिळाला तरी गाफील राहू नका. एका बाजूला फ्लँज नसताना तो किती दाब सहन करेल, हे बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. बऱ्याच व्हॉल्व्हना त्या स्थितीत पूर्ण पीएन16 चालत नाही.

आता आमच्या ऑर्डरमध्ये ही ओळ असते: “सर्व 12 कानांना आटे हवेत, हीट नंबर बॉडीवर आणि मूळ सर्टिफिकेटवर एकच हवा, डिस्कची पीएमआय (धातू ओळखण्याची) तपासणी आमच्यासमोर, उरलेली रक्कम त्यानंतर.” ती वाचून जो डीलर कुरकुर करतो, त्याच्याकडून आम्ही माल घेत नाही.