स्टेज १ टर्बोला एएफआर गेज हवा का? चाकणची टीएसआय आणि रांजणगावची टी-जेट

रीमॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं) झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता एएफआर गेज, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर, लावून घ्यावा का? याचं उत्तर गाडीगणिक बदलतं, म्हणून पुणे जिल्ह्यातच तयार झालेल्या दोन टर्बो पेट्रोल गाड्या शेजारीशेजारी ठेवतो. एक चाकणची फोक्सवॅगन १.० टीएसआय. ती २०२० पासून पोलोत ११० पीएसची मिळाली, पुढे व्हर्टस आणि टायगुनमध्ये ११५ पीएसची. दुसरी रांजणगावची फियाट लिनिया १.४ टी-जेट, ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटरची. ताकद जवळपास सारखी, पण इंधन देण्याची पद्धत पूर्ण वेगळी, आणि निर्णय तिथेच होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टीएसआयवर फक्त स्टेज १ रीमॅप (सुटे भाग न बदलता केलेला) असेल तर गेज लावू नका. टी-जेटवर ट्यूनिंग बॉक्स किंवा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर (बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, हाताने वाढवणारा) बसवणार असाल तर गेज लावा, आणि बूस्ट वाढवायच्या आधी लावा.

टीएसआयपासून सुरुवात करू. हे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आहे. पेट्रोल दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने थेट सिलेंडरमध्ये जातं आणि रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) हा दाब ईसीयू सतत मोजत असतो. रीमॅपनंतर पेट्रोल कमी पडायला लागलंच, तर पहिला इशारा याच दाबातून मिळतो: मागितलेला दाब एक आणि मिळालेला त्याहून कमी. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं ते त्यानंतर. नॉक (मिश्रण अवेळी पेटणं) ओळखणारा सेन्सरही कामावर असतोच. उन्हाळ्यात गाडी भरून खंडाळ्याचा घाट चढताना इग्निशन किती अंश मागे ओढलं जातंय, हे आकडे ओबीडी पोर्टवर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटवर) दिसतात. सौम्य रीमॅप केलेल्या टीएसआयचं आरोग्य मला या दोन आकड्यांवरून एएफआरपेक्षा जास्त कळतं, आणि डॅशवरचा गेज या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरी अडचण जागेची. गेजचा वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) टर्बोनंतर आणि कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाच्या) आधी बसायला हवा. टर्बोच्या आधी बसवला तर तिथला दाब आणि उष्णता यांमुळे आकडा चुकतो आणि सेन्सरचं आयुष्यही घटतं. कॅटच्या नंतर बसवला तर उत्प्रेरकातून गेलेल्या वायूचा आकडा मिळतो, म्हणजे सिलेंडरमधली खरी परिस्थिती दिसत नाही. १.० टीएसआयमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलेंडर हेडमध्येच आहे, टर्बो त्याला चिकटून आणि कॅट टर्बोला चिकटून. स्टॉक पाइपवर बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करायला योग्य जागाच उरत नाही. वॉरंटीतल्या गाडीच्या एक्झॉस्टवर वेल्डिंग करून घेणं मला तरी पटत नाही.

त्याऐवजी हजार-दोन हजारांचा चांगला ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडाप्टर घ्या आणि मोबाइल अ‍ॅपवर लॉग करा. मागितलेला लॅम्डा (आदर्श प्रमाणाच्या तुलनेत मिश्रण किती; १ म्हणजे आदर्श), मोजलेला लॅम्डा, शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करत असलेली दुरुस्ती), रेल प्रेशर, इनटेकचं तापमान, इग्निशन रिटार्ड, एवढं पुरे. रीमॅपच्या आधी एक लॉग काढून ठेवा. तो नसेल तर नंतरच्या आकड्यांना तुलनेला काहीच राहत नाही, आणि ट्यूनरशी बोलताना तुमच्या हातात पुरावाही नसतो.

मोजलेला लॅम्डा कितपत खरा, हे गाडीतल्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरवर ठरतं. सेन्सरला चार वायरी असतील तर तो बहुतेक वेळा नॅरोबँड. पाच किंवा अधिक असतील तर साधारणपणे वाइडबँड. नॅरोबँड शून्य ते एक व्होल्टच्या दरम्यान उडी मारतो आणि मिश्रण आदर्श प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच सांगतो. किती अलीकडे, ते त्याला सांगता येत नाही. फुल बूस्टवर मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) ठेवलेलं असतं, तिथे हा सेन्सर आंधळाच. बाजारातले काही स्वस्त, रंगीत दिवे नाचवणारे एएफआर मीटर याच नॅरोबँडच्या वायरीवर चालतात. त्यांच्यावर एक रुपयाही घालवू नका.

आता टी-जेट. पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, काही बारच्या दाबाने. रेलमधला दाब ईसीयूला कळवणारा सेन्सर अशा बहुतेक पोर्ट इंजेक्शन गाड्यांत नसतो. वर ट्यूनिंग बॉक्स बसला की तो बूस्ट सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला खरा दाब कळूच देत नाही. ईसीयू कमी हवेचा हिशेब करून पेट्रोल देतो, प्रत्यक्षात हवा जास्त असते. फियाटने हेच १.४ इंजिन पुंटो अबार्थमध्ये १४५ हॉर्सपॉवरला विकलं, त्यामुळे इंजिनात दम आहे याबद्दल शंका नाही. पण ते कारखान्याचं पूर्ण कॅलिब्रेशन होतं. वर्षं झालेल्या लिनियात पंप थकलेला असतो, फिल्टर कधी बदलला ते आठवत नसतं, इंजेक्टरवर थर साचलेला असतो. इथे स्वतंत्र वाइडबँड गेजला पर्याय नाही.

गेज घेताना बॉश एलएसयू ४.९ सेन्सर असलेला किट घ्या. एईएम आणि इनोव्हेटचे किट आपल्याकडे बहुतेक जण वापरतात. किट, बंग आणि मजुरी मिळून खर्च ओबीडी अ‍ॅडाप्टरच्या दहापट धरून चला. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कललेला हवा, नाहीतर पाइपमधलं पाणी त्यात साचून तो तडकतो. इंजिन चालू असताना गेजचा सप्लाय बंद ठेवू नका, कारण हीटर थंड असेल तर सेन्सरवर काजळी बसते. आणि सेन्सरच्या आधी कुठे एक्झॉस्ट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज उगाच लीन दाखवतो.

आकडे वाचण्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून यात बराच गोंधळ आहे. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७, ई१०चं साधारण १४.१ आणि ई२०चं १३.५च्या आसपास. पण सेन्सर मोजतो लॅम्डा, आणि गेज त्याला १४.७ने गुणून दाखवतो. म्हणून टाकीत ई२० असतानाही आयडलला गेजवर १४.७च दिसेल, आणि ते बरोबर आहे. सेटिंग बदलून गेज लॅम्डावरच ठेवा, म्हणजे पंपावर काय मिळालं याचा हिशेब करत बसावं लागत नाही. फुल बूस्टवर ०.८० ते ०.८८, म्हणजे १४.७च्या पट्टीवर ११.८ ते १२.९, ही सौम्य ट्यूनची सर्वसाधारण मर्यादा. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गेज एकदम टोकाला लीन गेला तर घाबरू नका, तेव्हा ईसीयूने पेट्रोल बंदच केलेलं असतं.

एक मर्यादा मात्र टी-जेटवाल्यांनीही लक्षात ठेवावी. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलेंडर सेकंदाला ५० वेळा पेटतो. नजर रस्त्यावरून गेजवर जाऊन पाय उचलेपर्यंत पिस्टनचं नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. गेजमधून लॉग काढता आला तरच त्याचा पूर्ण उपयोग आहे. लीन होताच बूस्ट कापणारा फेलसेफ असलेला गेज परवडत असेल तर तोच घ्या.

डिझेलवाल्यांनी या भानगडीत पडू नये. डिझेल मुळातच लीन चालतं, तिथे एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज कामाचा.

टीएसआयवर पुढे मोठा टर्बो किंवा डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बसवायचा विचार असेल तर माझं मत बदलेल. डाऊनपाइप करून घेतानाच त्यात बंग काढून घ्या. गेज नंतर आला तरी चालेल, तोवर बंगला प्लग लावून ठेवा. आणि स्टेज १वरच थांबणार असाल तर गेजच्या पैशांतून डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) एक दिवस घ्या, नवे स्पार्क प्लग टाका आणि डायनो शीटवर पॉवरच्या रेषेबरोबर लॅम्डाची रेषा छापून मागा. ती द्यायला ट्यूनर का-कू करत असेल तर दुसरा ट्यूनर शोधा.