फिलरच्या गाठी ‘करेक्शन’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझी खरी फसवणूक झाली ती बिघडलेलं फिलर, म्हणजे चेहरा भरायला टोचतात तो पदार्थ, दुरुस्त करून घेताना. म्हणून हे लिहितेय, कारण गाठी दिसायला लागल्या की माणूस घाबरलेला असतो आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

डोळ्यांखालचे खळगे आणि गाल भरून घेतले होते. सगळं हायल्युरॉनिक ॲसिड आहे, ते शरीरात असतंच, नाही आवडलं तर इंजेक्शनने विरघळवता येतं, असं क्लिनिकमध्ये ठासून सांगितलं होतं. सूज ओसरल्यावर डोळ्यांखाली निळसर फुगवटा राहिला, सकाळी जरा जास्तच. गालांत बोटाला लागणाऱ्या कडक गाठी होत्या; हसलं की बाहेरूनही दिसायच्या.

पहिले दोनेक आठवडे सूज, काळंनिळं पडणं, थोडं उंचसखल लागणं कुणालाही होऊ शकतं. तेवढं थांबायला सांगितलं तर त्यात काही चूक नाही. पण त्यानंतरही ‘मसाज करा, बसेल’ एवढंच उत्तर मिळत राहिलं आणि मग ‘करेक्शन पॅकेज’ पुढे आलं. गाठीच्या आजूबाजूला आणखी फिलर भरलं की चढउतार दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ‘जुनं काही महिन्यांत आपोआप जातंच.’ हे सरसकट खरं नाही. वर्षं उलटल्यावरही एमआरआयमध्ये फिलर सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आधीच जास्त भरलेल्या चेहऱ्यावर आणखी माल चढवला तर त्यांची सिरिंज खपते, इतकंच. माझे गाल जड झाले, हसताना डोळे बारीक व्हायला लागले आणि गाठी होत्या तिथेच राहिल्या.

मग मी म्हटलं, विरघळवूनच द्या. त्याचे पैसे वेगळे. सिरिंज आधीच भरून आणलेली, त्यावर लेबल नाही, आत काय आहे विचारलं तर ‘डिझॉल्व्हर’. कसली ॲलर्जी आहे का, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. टोचल्यावर सूज आली, ती उतरली आणि गाठ तश्शीच. त्यावर उत्तर काय, तर ‘तुमच्या बॉडीचा रिस्पॉन्स कमी आहे, अजून सेशन्स लागतील.’ दोष माझ्या शरीरावर ढकलून पुढचं सेशन विकायचं, याची चीड मला आजही येते.

नंतर ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले त्यांनी चेहऱ्याला हात लावण्याआधी विचारलं, आत नेमकं काय भरलंय, कधी भरलंय, कागद आहे का? माझ्याकडे फक्त ‘फेस पॅकेज’ लिहिलेलं बिल होतं. मग त्यांनी चेहऱ्याची सोनोग्राफी करायला सांगितली. डोळ्यांखाली हायल्युरॉनिक ॲसिडच होतं. पातळ त्वचेखाली ते फार वर भरलं गेलं की निळसर दिसतं, पाणी ओढून फुगतं. गालातल्या गाठी मात्र कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइटच्या, म्हणजे कॅल्शियमवाल्या वेगळ्याच फिलरच्या असल्याचं त्यांनी सांगितलं. सोनोग्राफीत त्या पांढऱ्या उमटतात आणि खाली सावली पडते. फिलर विरघळवायला वापरतात ते हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम फक्त हायल्युरॉनिक ॲसिड तोडतं, कॅल्शियमवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे त्या बिनलेबलच्या सिरिंजमध्ये अगदी खरं औषध असतं, तरी माझे गाल उतरले नसते. काय भरलंय हे ज्यांना माहीत होतं त्यांनीच ती सेशन्स मला विकली.

पॉलिलॅक्टिक ॲसिड या आणखी एका फिलरच्या गाठींवरही हे एन्झाइम चालत नाही. पीएमएमए (एक प्रकारचं प्लास्टिक) आणि द्रवरूप सिलिकॉन तर कायमचे. ते काढायचे तर बऱ्याचदा शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं. चेहरा भरण्यासाठी सिलिकॉन टोचायला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेली नाही. सुई नसलेल्या दाबाच्या पेनने फिलर मारण्याविरुद्धही एफडीएने २०२१ मध्ये इशारा दिलाय. तेव्हा ‘सगळी फिलर विरघळतात’ असं जो म्हणेल त्याच्याकडून काहीही टोचून घेऊ नका.

खरं हायल्युरोनिडेज कसं देतात ते मी डोळ्यांखालच्या भागावर अनुभवलं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी जोराची रिॲक्शन आली होती का, असं आधी विचारलं, कारण त्यांच्या विषातही हे एन्झाइम असतं. कुपी समोर फोडली, किती युनिट देणार ते सांगितलं, नंतर थांबवून ठेवलं. परिणाम काही तासांत सुरू झाला, एकदोन दिवसांत फुगवटा स्पष्ट उतरला. उरलेलं बघायला दोन आठवड्यांनी बोलावलं. खळगा परत दिसायला लागला, जरा जास्तच वाटला, पण ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गालांबद्दलही त्या स्पष्ट बोलल्या: याला विरघळवणारं खात्रीचं औषध नाही, सलाइन आणि लिडोकेन (बधिर करणारं औषध) टोचून सुईने गाठ मोकळी करून बघता येईल, बाकी वेळ जाऊ द्यावा लागेल. एक गाठ बरीच बसली आहे, दुसरी अजून हाताला लागते.

दोन बाबतीत मात्र थांबायचं नाही. टोचल्यावर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे डाग उठले, दुखणं वाढत गेलं किंवा नजरेत फरक पडला, तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. त्याच मिनिटाला डॉक्टर गाठा, नजरेचं असेल तर थेट हॉस्पिटल. ‘उद्या बघू’ ऐकून घेऊ नका. आणि गाठ लाल, गरम, दुखरी झाली, मग ती महिन्यांनी उठलेली का असेना, तर संसर्ग आहे का हे तपासल्याशिवाय त्यात काहीही टोचू देऊ नका, मसाजही नको.

फिलरच्या खोक्यात बॅच नंबरचे स्टिकर असतात. ते पेशंटच्या नोंदीला लावायचे असतात, तुम्हालाही मागता येतात. मी मागितले तेव्हा ‘खोकी टाकून दिली’ असं सांगण्यात आलं. तुमच्या चेहऱ्यात आत्ता गाठी असतील तर पुढचं कुठलंही सेशन घेण्याआधी क्लिनिकला लेखी मेल करा: कुठल्या भागात कुठलं उत्पादन, किती मिली, बॅच नंबर, तारीख, कोणी टोचलं आणि त्या व्यक्तीचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक. सोबत आधीचे-नंतरचे फोटो आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवा. माझी तक्रार मी याच कागदांवर उभी केली आहे. क्लिनिकने अजून बॅच नंबर दिलेला नाही आणि मी मागायचं थांबवलेलं नाही.