बिअर किटनंतर थेट धान्य: जाळीच्या पिशवीचा संच कसा आहे?

बिअर किटच्या तयार पाकाच्या डब्यावरून थेट धान्यावर यायचं असेल तर पंपवालं ३० लिटरचं विजेचं यंत्र सध्या राहू द्या. जाळीची पिशवी, २० लिटरचं स्टीलचं पातेलं, बुडाशी ठेवायची भोकांची जाळी आणि चांगला थर्मामीटर, एवढ्यात पहिल्या दहा लिटरची उत्तम बिअर होते. धान्य पिशवीतच गरम पाण्यात मुरवून उचलून काढायची ही पद्धत मूळची ऑस्ट्रेलियातली. कायद्याचं मात्र आधी सांगतो: महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. म्हणून या संचाची चाचणी परवाना असलेल्या ब्रुअरीच्या जागेत, मुंबईच्याच पाण्यावर केली आहे.

१.७ किलोच्या किटच्या डब्यात दुसऱ्याने शिजवून, कडवट करून, आटवलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, पाक असतो. गरम गोदामात राहिला की तो काळवंडतो आणि काकवीसारखा लागतो. बिअर अंगाने हलकी हवी की भरीव, हे ठरवणं तर आपल्या हातात नसतंच. ते ठरतं मॅशमध्ये, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरतं त्या तासाभरात. मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाची पेज पातळ होते, त्यामागे जी प्रक्रिया आहे तीच इथे चालते: मोडातले एन्झाइम पिठूळ भागाची साखर करतात.

आता पिशवी. घेताना कापड आणि शिवण दोन्ही बघा. पॉलिएस्टरची २०० ते २५० मायक्रॉनची जाळी हवी, आणि तोंड इतकं मोठं की पातेल्याच्या काठावरून उलटं दुमडता येईल. चक्क्याचं मलमलीचं फडकं वापरू नका, पिठाने त्याची छिद्रं बुजतात. आम्ही तपासलेल्या पिशवीची जाळी चांगली निघाली. पट्टे मात्र फक्त काठाला शिवलेले होते. चिंब भिजलेलं धान्य उचलताना सहा किलोच्या आसपास भार येतो, म्हणून पट्टे बुडाखालून फिरवून शिवून घ्यावेत. बुडाची जाळी विसरू नका. आच चालू असताना पिशवी तळाला टेकली तर कापड वितळतं आणि धान्य करपतं.

माल्ट भरडायचं असतं, दळायचं नाही. घरघंटीत घातलं तर टरफलांचाही भुगा होतो, गाळणं रखडतं आणि बिअरला तुरटपणा येतो. दोन रोलरच्या गिरणीत फट एक मिलिमीटर ठेवा. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटावा, टरफल जवळजवळ अख्खं राहावं. विकणाऱ्याकडून भरडून आणलं तर पावसाळ्यात लगेच वापरा. ताजं माल्ट फुटाण्यासारखं कुरकुरीत लागतं, सादळलेलं चामट. अख्खं माल्टही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं नाही तर सोंडे लागतात.

दहा लिटरसाठी २.४ किलो पेल (फिकं) माल्ट आणि १५.२ लिटर पाणी घ्या. यातलं साधारण १.७ लिटर धान्य पितं, अडीच लिटर तासभराच्या उकळीत उडतं आणि तळाशी लिटरभर गाळ राहतो. माल्ट घातल्यावर पातेलं १७ लिटरपर्यंत भरतं, म्हणून २० लिटरपेक्षा लहान घेऊ नका. एवढा भार घरगुती इंडक्शनच्या काचेवर टाकू नये, गॅसचा मोठा बर्नर बरा.

पालिकेचं पाणी तलावांचं, मऊ आहे. चहाला छान, पण फिक्या माल्टच्या मॅशला कॅल्शियम कमी पडतं. ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि २ ग्रॅम जिप्सम घातलं की साधारण ८० पीपीएम कॅल्शियम मिळतं आणि पीएच ५.२ ते ५.६ च्या पट्ट्यात यायला मदत होते. क्लोरीन घालवायला पाव कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी पुरे. ती टाळली तर बिअरला दवाखान्यासारखा वास येऊ शकतो. सोसायटीच्या टाकीत बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

पाणी ६९.५ अंशांवर आणा, गॅस बंद करा, पिशवी लावा आणि एकजण हलवत असताना दुसऱ्याने माल्ट हळूहळू सोडा. तापमान ६७ ला स्थिरावतं. गुठळ्या फोडा, कारण कोरड्या गाठीतली साखर वाया जाते. पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळून तासभर हात लावू नका. ६५ ला मॅश केलं तर बिअर कोरडी होते, ६९ ला भरीव, आणि ७५ च्या वर एन्झाइम निकामी होऊ लागतात. पांढऱ्या बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. निळंकाळं झालं तर अजून स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं द्या.

मग चक्का टांगतो तशी पिशवी टांगायची. हातमोजे घालून पिळलीत तरी चालतं. पिळल्याने बिअर तुरट होते ही भीती आम्हाला पटत नाही, तुरटपणा वाढतो तो पीएच आणि तापमान फार चढल्यावर. उकळी झाकण न ठेवता, ६० मिनिटं. पहिला फेस दुधासारखा उतू येतो, तेव्हा पातेल्यापासून हलू नका. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं: १० टक्के अल्फाचे (कडवट आम्लाचं प्रमाण) उकळीच्या सुरुवातीला १२ ग्रॅम आणि शेवटच्या पाच मिनिटांत वासाचे १५ ग्रॅम. यीस्ट टाकण्याआधीची, सुरुवातीची घनता १.०४६ च्या जवळपास यावी. घनता मोजायचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला असेल तर ३० अंशांच्या नमुन्यात ०.००२ ते ०.००३ मिळवा. आकडा १.०३८ आला तर दोष बहुधा भरडीचा.

या संचात जे नाही, तिथेच मुंबईत खरी अडचण होते. तांब्याच्या कॉइलमधून नळाचं पाणी फिरवलं तरी मे महिन्यात वर्ट (उकळलेला गोड रस) ३५ अंशांच्या खाली जाताना फार वेळ घेतो. एल प्रकारच्या बिअरचं नेहमीचं यीस्ट त्या उष्णतेत टाकलं की बिअरला सॉल्व्हंटसारखा वास येतो. त्यासाठी जुना फ्रिज आणि तापमान कंट्रोलर लागतो, कंट्रोलर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधा. फ्रिजला जागा नसेल तर लालब्रू कंपनीचं व्हॉस क्वाइक हे नॉर्वेजियन यीस्ट घ्या. त्याला ३५ ते ४० अंशच मानवतात आणि संत्र्याचा हलका वास येतो. वर्ट ३५ वर आला की ११ ग्रॅमचं पाकीट टाकून मोकळं व्हायचं. दोन-तीन दिवस घनतेचा आकडा हलला नाही की लिटरला ७ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरा. घाई केली तर बाटली फुटते.

वापर झाला की पिशवी लगेच उलटी करून नुसत्या गरम पाण्याने धुवा. साबणाचा वास जाळीत बसतो. शिवणीत अडकलेली टरफलं जुन्या टूथब्रशने काढा आणि पिशवी पंख्याखाली पूर्ण वाळवा. जुलैत दांडीवर ओली राहिली तर दोन दिवसांत काळे ठिपके धरते.