काड्यांचे गठ्ठे, दशकाचे ठोकळे की रंगीत पट्ट्या?

४२ वजा १७ चं उत्तर मूल ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातूनच दोन वजा केलेले असतात. अशा मुलासाठी गणिताचं साहित्य घ्यायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी साध्या काड्या आणि रबर.

दहा-दहा काड्यांना रबर लावून बांधलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवा. सतरा काढायला सांगा. मूल सुट्ट्या दोन उचलतं, थांबतं, गठ्ठ्यांकडे बघतं. मग रबर काढतं आणि दहा काड्या हातात पसरतात. आता सुट्ट्या बारा झाल्या. सात बाजूला, पाच उरल्या. एक दशक सुटा करणं म्हणजे काय, ते त्याच्या बोटांना कळलेलं असतं. गठ्ठा त्यानेच बांधलेला असतो, त्यामुळे आत दहाच आहेत याबद्दल त्याला शंका नसते.

दशकाच्या ठोकळ्यांत हेच जमत नाही. त्यात दशक म्हणजे दहा एककांएवढी एक अखंड दांडी, आणि ती मोडत नाही. ती परत देऊन दहा एकक घ्यावे लागतात. मोठ्यांना ही अदलाबदल उघड वाटते, पण नवख्या मुलाला तो पाळायचा आणखी एक नियम वाटू शकतो. मात्र संख्या शंभरापुढे गेली की काड्या आवरत नाहीत. हजार म्हणजे शंभर गठ्ठे! तिथे ठोकळेच हवेत. दहा दांड्यांची शतकाची पाटी, दहा पाट्यांचा हजाराचा घन. ३०४ मांडताना तीन पाट्या आणि चार एकक ठेवले की मधे एकही दांडी नाही, हे दिसतं आणि शून्य कशासाठी लिहायचं ते कळतं. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डीन्स यांच्या नावाने हे ठोकळे ओळखले जातात.

रंगीत पट्ट्यांचं काम वेगळं आहे. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांनी त्या रूढ केल्या; त्यांचं पुस्तक १९५२ साली आलं. एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या या पट्ट्यांवर खुणा नसतात, त्यामुळे मोजणी शिकवायला त्या घेऊ नका. ‘पिवळी म्हणजे पाच’ एवढंच पाठ होण्याचा धोका असतो. पण अपूर्णांकांना त्यांच्यासारखं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. सहा सेंटिमीटरची गडद हिरवी पट्टी ‘एक’ माना. तिचा अर्धा म्हणजे फिकट हिरवी, तिसरा हिस्सा म्हणजे लाल. या दोन्ही टोकाला टोक लावून ठेवा: बरोबर पिवळीएवढी लांबी भरते, म्हणजे सहापैकी पाच भाग. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर पाच षष्ठांश का, आणि छेद सहाच का, हे समोर दिसतं.

तेव्हा मूल दशकात अडत असेल तर काड्या, मोठ्या संख्यांत अडत असेल तर ठोकळे, अपूर्णांकांत अडत असेल तर पट्ट्या. तिन्ही एकदम आणू नका. काहीही आणलं तरी पहिल्या दिवशी नुसतं खेळू द्या, आणि नंतर हाताने केलेली प्रत्येक पायरी त्याच वेळी वहीत लिहून घ्या. हे राहिलं तर काड्यांचं गणित वेगळं आणि वहीतलं वेगळं, असं मुलाच्या डोक्यात पक्कं होतं. वहीत दशक सुटा करताना मूल गठ्ठ्याकडे हात नेईनासं झालं की काड्या समोर ठेवू नका. मागितल्या तर मात्र लगेच द्या.