तुंबलेली कारपूल मार्गिका: प्रवाशांची अट वाढवावी की टोल लावावा?

कॅलिफोर्नियातील फ्रीवेवर डाव्या कडेला हिऱ्याचे चिन्ह रंगवलेली कारपूल मार्गिका बहुतेक ठिकाणी किमान दोघे बसलेल्या गाड्यांसाठी राखलेली असते. अशा मार्गिकेत एकट्या चालकाला टोल घेऊन किंवा अन्य सवलतीने प्रवेश दिला, तर संघीय कायद्याची अट लागू होते. गर्दीच्या वेळी ताशी ४५ मैलांचा, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरचा, सरासरी वेग १८० दिवसांच्या काळात ९० टक्के वेळ टिकला पाहिजे. तो टिकला नाही, तर मार्गिका खालावलेली ठरते आणि संबंधित यंत्रणेला सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. त्या आराखड्यात दोन पर्याय हमखास समोर येतात: दोनऐवजी तीन प्रवाशांची अट घालणे, किंवा मार्गिकेवर बदलता टोल बसवणे. वाहतूक मंडळाचे सदस्य, अभियंते किंवा जनसुनावणीत बोलू इच्छिणारे रहिवासी, ज्यांना यावर मत द्यायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

दोन्ही पर्याय एकाच रस्त्यावर पाहायचे असतील, तर लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील आय-१० फ्रीवेवरच्या एल माँटे बसमार्गाइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. हा मार्ग १९७३ मध्ये केवळ बससाठी सुरू झाला आणि १९७६ पासून तिघांच्या कारपूलला तेथे नियमित प्रवेश मिळाला. जानेवारी २००० मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने ही अट प्रयोगादाखल दोनवर आणली गेली. मार्गिका अर्धी रिकामी दिसते, ही लोकांची तक्रार त्यामागे होती आणि ती समजण्यासारखी होती. परिणाम मात्र उलटा झाला. सकाळच्या गर्दीत मार्गिकेतील वेग ताशी ६५ मैलांवरून २० मैलांवर घसरला. ताशी वाहने ११०० वरून १६०० झाली, पण वाहून नेलेली माणसे ५९०० वरून ५२०० पर्यंत कमी झाली. शेजारच्या साध्या मार्गिकांनाही काही दिलासा मिळाला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये गर्दीच्या वेळेसाठी तिघांची अट परत आली.

या आकड्यांचा भागाकार करून पाहावा. आधी प्रत्येक वाहनामागे पाचांहून अधिक माणसे पडत होती, कारण त्यांत खच्चून भरलेल्या बस होत्या. नंतर ती सव्वातीनवर आली. बस कोंडीत अडकल्या, म्हणजे मार्गिकेची खरी ताकदच गेली. म्हणून जेथे बसची वर्दळ मोठी आहे, तेथे अट वाढवणे हा स्वस्त आणि लवकर अमलात येणारा उपाय आहे. पाट्या बदलणे, जाहिरात करणे आणि बंदोबस्त वाढवणे एवढ्यावर भागते. त्याची झळ मात्र खरी असते. रोज एकत्र कामावर जाणारे पती-पत्नी किंवा मुलाला शाळेत सोडणारी आई एका रात्रीत पात्रतेबाहेर जातात. शिवाय बस नसलेल्या रस्त्यावर तिघांच्या गाड्या पुरेशा मिळतीलच असे नाही, आणि मग रिकाम्या मार्गिकेची तक्रार पुन्हा सुरू होते.

ही रिकामी जागा भरून काढणे हे टोलचे काम. आय-१० वरची हीच मार्गिका २०१३ मध्ये टोलच्या योजनेत आली. तेथे गाडीच्या काचेवरील ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे टोल आपोआप वसूल होण्यासाठी रेडिओ संकेत देणाऱ्या छोट्या यंत्राच्या, बटणावर चालकाने एक, दोन किंवा तीन यांपैकी प्रवासीसंख्या स्वतः लावायची असते. गर्दीच्या वेळी तिघांना मोफत, इतरांना टोल. गर्दी वाढली की दर चढतो, आणि वेग फारच घसरला तर फलकावर केवळ कारपूलसाठी प्रवेश असल्याचे झळकते, म्हणजे एकट्याला पैसे देऊनही आत जाता येत नाही. रोज थोडी थोडी दुरुस्ती करत वेग सांभाळण्याची ही सोय नुसत्या अटीत नाही. पण यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा खर्च मोठा असतो, आणि ज्याच्या खिशाला टोल परवडत नाही तो आधीच तुंबलेल्या मार्गिकांत उरतो. टोलचे पैसे त्याच रस्त्यावरील बससेवेत जाणार नसतील, तर हा आक्षेप मला बिनतोड वाटतो.

देखरेखीत दोन्ही पर्यायांची दुखरी जागा एकच आहे. डांबरात खाच पाडून पुरलेली तारेची वेटोळी वाहने मोजतात आणि वेगाचा अंदाज देतात, कॅलिफोर्नियात दर ३० सेकंदांनी. गाडीत किती जण बसले आहेत हे त्यांना कळत नाही. ते कळण्यासाठी रस्त्याकडेला माणूस उभा करून काचेतून पाहावे लागते, आणि मागच्या सीटवर झोपलेले मूल त्याच्याही नजरेतून सुटते. टोलच्या मार्गिकेत बटण खोटे लावणारे वाढले, तर वेगही पडतो आणि उत्पन्नही बुडते. म्हणून कोणताही पर्याय निवडण्याआधी घुसखोर, म्हणजे पात्र नसताना मार्गिकेत शिरणारे, किती आहेत हे मोजावे. त्यांचे प्रमाण मोठे असेल, तर पोलिसांचा बंदोबस्त वाढवून मार्गिका मोकळी होते का हे आधी पाहावे.

माझे मत असे: बसचा रस्ता असेल, तर गर्दीच्या वेळी तिघांची अट आधी लावावी आणि जागा उरली तरच टोल आणावा, बस नसलेल्या रस्त्यावर टोलचा विचार आधी करावा, तिघांना मोफत ठेवून. ठरावातच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. बदलाआधी आणि नंतर, त्याच पुलाखाली, त्याच वेळेत, बसमधल्या प्रवाशांसह माणसे मोजली जावीत, आणि अहवालात वाहनांच्या आकड्याआधी माणसांचा आकडा छापला जावा.