मिटिऑरची चित्रं उतरवायला काय घ्यावं: व्ही-डायपोल की डिश?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेचे नोआ-15 आणि नोआ-19 हे हवामान उपग्रह बंद झाले, आणि उपग्रहाची चित्रं घरच्या अँटेनावर उतरवण्याच्या छंदात नवख्यांची पहिली पायरीच गेली. त्यांचा तो टिक-टॉक आवाज रेडिओवर यापुढे ऐकू येणार नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. 137 मेगाहर्ट्झवर आता भिस्त रशियाच्या मिटिऑर-एम 2-3 आणि 2-4 या ध्रुवीय हवामान उपग्रहांवर.

व्ही-डायपोल म्हणजे प्रत्येकी सुमारे 53 सेंमीच्या दोन सळ्या, मध्ये 120 अंशांचा कोन, आडव्या धरून व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. सोबत आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा सॉफ्टवेअर-रेडिओ, म्हणजेच एसडीआर) आणि सिग्नलमधून चित्र काढणारं सॅटडंप हे सॉफ्टवेअर. उपग्रह साधारण 820 किमी उंचीवरून जातो, चांगली फेरी दहा-पंधरा मिनिटांची. तेवढ्यात अँटेना हलवावाही लागत नाही. पण सिग्नल डिजिटल आहे. तो पडला की नोआसारखं खरखरीत चित्र मिळत नाही, सरळ काळे पट्टे येतात. 2-3 चा अँटेना अवकाशात नीट उघडला नाही, म्हणून पहिला प्रयत्न 2-4 वरच करा.

डिशचा खटाटोप मोठा. हेच उपग्रह 1.7 गिगाहर्ट्झवरही सिग्नल पाठवतात. त्यासाठी 80 सेंमीची डिश, तिच्यासमोर मळसूत्री तारेचा अँटेना (हेलिकल फीड), फीडलाच चिकटून क्षीण सिग्नल वाढवणारा एलएनए, आणि फेरीभर डिश हाताने उपग्रहामागे फिरवायची. झोत सुमारे 15 अंशांचा, त्यामुळे सरावाने जमतं.

मग हे करायचं कशाला? उपकरणांसाठी. मिटिऑरच्या एमएसयू-एमआर कॅमेऱ्याचे सहा चॅनेल आहेत. 137 वर त्यातले एका वेळी तीनच येतात, तेही दाबून लहान केलेले. डिशवर सहाही मूळ प्रतीचे येतात. शिवाय मायक्रोवेव्ह उपकरणाची नोंद. जुलैत कोकणावर ढगांची गोधडी पसरली की इन्फ्रारेडला फक्त ढगांचा माथा दिसतो; मायक्रोवेव्ह त्या ढगाच्या आतलं पाणी आणि बर्फ टिपतो. युरोपच्या मेटॉप-सीवर तर समुद्रावरचा वारा मोजणारा अ‍ॅस्कॅट आहे. अरबी समुद्रात वादळ तयार होत असताना त्याची नोंद स्वतःच्या गच्चीवर उतरवणं ही माझ्या दृष्टीने या छंदातली सर्वात मोठी गोष्ट. मेटॉपचा सिग्नल मात्र रुंद आहे. त्याला डोंगलपेक्षा वरचा एसडीआर लागतो.

ढगांचं चित्र एवढंच हवं असेल तर डायपोल पुरे. हवामान शिकायचं असेल तर डिशच घ्या, पण महिनाभर डायपोलवर फेऱ्यांच्या वेळा आणि दिशा अंगवळणी पाडून. गच्चीवर उत्तर-दक्षिण टाकी किंवा इमारत आड येत असेल, तर खरेदीआधी जागा बदला.